ताईची झोप

"तुमच्या रक्ताचं कोण आहे?" डॉ. नाझनीन पटेल यांनी विचारलं.

प्रश्न मृणालपर्यंत पोचायला वेळ लागला. गेल्या तीन वर्षांत तिला सगळंच असं उशिरा पोचायचं. मधल्या वेळात अमेयने, तिच्या नवऱ्याने, विचारून टाकलं, "मी चालणार नाही का?"

"नवऱ्याचा यात उपयोग नाही. आईवडील, भावंडं, मुलं. यांच्यापैकी कोणी."

"आईवडील नाहीत हिचे. मूल आम्हाला नाही," अमेय म्हणाला, आणि पुढचं मृणालने सांगावं म्हणून थांबला.

"एक बहीण आहे," मृणाल म्हणाली. "मोठी. यवतमाळला असते. दातांचा दवाखाना आहे तिचा."

"झोप कशी आहे त्यांची?"

"कुठेही लागते. स्वतःच्या हळदीच्या दिवशी खुर्चीत बसल्या बसल्या झोपली होती."

डॉक्टरांना हसू आलं. "मग आणखी काय हवंय? बोलवून घ्या त्यांना."

मृणालने पर्स उचलली. "दुसरं काही असेल तर सांगा. ती येणार नाही."

दुसरं काही उरलं नव्हतं. गोळ्या झाल्या होत्या, श्वासाचे वर्ग झाले होते, तळपायाला तेल आणि जायफळाचं दूधही झालं होतं. बिछान्याला पाठ लागली की छाती धडधडायला लागे. डोळा लागतोय असं वाटलं की त्याच क्षणी कुणी ढकलल्यासारखी ती उठून बसे. दिवसा मात्र धडधड नसे, भीती नसे. दिवसा काहीच नसे. अमरावतीच्या एका तंत्रनिकेतनात ती अभियांत्रिकी चित्रकला शिकवायची. जूनमध्ये एकदा फळ्यावर रेघ ओढायला तिने हात वर नेला आणि तो तिथेच राहिला. किती वेळ, ते तिला सांगता आलं नसतं. वर्ग चिडीचूप होता. शेवटी पुढच्या बाकावरची एक मुलगी उठून जवळ आली आणि म्हणाली, "मॅडम, बसता का जरा?" दुसऱ्या दिवसापासून मृणाल रजेवर होती. रजा संपल्यावर काय, हे प्राचार्यांनी सांगितलं नव्हतं. तिनेही विचारलं नव्हतं.

हे सगळं एका मे महिन्यात सुरू झालं. विदर्भात तेव्हा दुपारबंदी लागून दोन-तीन उन्हाळे झाले होते. बाराला भोंगा व्हायचा, पाचला पुन्हा व्हायचा, आणि मधल्या वेळात बाहेर पडायला मनाई. दुकानं, शाळा, कचेऱ्या सगळं बंद. पारा अठ्ठेचाळीसवर जायचा आणि अख्खं शहर कूलर लावून आडवं व्हायचं. मृणालची आई पाच वर्षांपासून तिच्याकडेच होती. आईला माणसं ओळखू येत नव्हती, जेवण झालंय की व्हायचंय ते कळत नव्हतं, पण पायांनी ती खुटखुटीत होती. त्या दुपारी आई झोपलेली बघून मृणालने तिच्या शेजारी अंग टाकलं. जाग आली तेव्हा शेजारची जागा रिकामी होती. बंदीमुळे रस्त्यात चिटपाखरू नव्हतं, म्हणून आईला कोणी अडवलं नाही, कोणी विचारलंही नाही. पाचच्या भोंग्यानंतर दूध घालायला निघालेल्या माणसाला ती वडाळीच्या रस्त्यावर एका बंद टपरीच्या आडोशाला सापडली.

मोठी बहीण अनघा यवतमाळहून अंधार पडायच्या आत आली. आईच्या पायाशी बसली, पायांवरून हात फिरवला, आणि मान वर करून धाकट्या बहिणीला विचारलं, "तू झोपलीस कशी?"

ती ओरडली नव्हती. खरंच विचारत होती. तेरावं झालं, आईच्या साड्या वाटून झाल्या, आणि त्यानंतर दोघी बहिणी एकमेकींशी बोलल्या नाहीत.

अमेयने मृणालला न सांगता यवतमाळला फोन केला आणि अनघा पुढच्याच रविवारी दवाखान्यात हजर झाली. केस कापलेले, पायात कापडी बूट, हातात जेवणाचा डबा. मृणालकडे बघून तिने मान हलवली, मृणालने हलवली, तेवढंच. मग डॉक्टरांच्या समोरची खुर्ची ओढून ती म्हणाली, "मला नीट समजावून सांगा. मीही डॉक्टरच आहे. दातांची असले तरी."

डॉ. नाझनीननी समजावलं. मेंदूच्या देठाशी तांदळाच्या दाण्याएवढा एक निळसर ठिपका असतो. सावध राहायचं रसायन साऱ्या मेंदूला तो पुरवतो. माणूस झोपेकडे सरकायला लागला की हा ठिपका हळूहळू गप्प होतो आणि बाहेरचे आवाज, स्पर्श आत यायचे थांबतात. तेव्हा मेंदूत छोट्या छोट्या लहरी उठतात. कागदावर काढल्या तर त्या सूत गुंडाळलेल्या चातीसारख्या दिसतात, मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळत्या.

"मृणालताईंचा ठिपका गप्प होत नाही," त्या म्हणाल्या. "पहिली चाती उठली रे उठली की त्याला ते संकट वाटतं आणि तो सगळ्यांना जागं करतो. झोप आणि संकट यांची त्यांच्या मेंदूने गाठ मारून ठेवली आहे."

"मग ती गाठ सोडा," अनघा म्हणाली.

"ते अजून जमत नाही. वळसा घालून जाता येतं."

वळसा म्हणजे कपाळावर बांधायचा एक पट्टा होता. ऐकू न येणाऱ्या ध्वनीचे हलके ठोके त्यातून मेंदूला देता येत. झोपलेल्या दुसऱ्या माणसाच्या लयीत ते दिले की, सोबत चालताना शेजारच्याचं पाऊल आपण नकळत उचलतो, तशी ती लय मेंदू उचलतो. यंत्राने तयार केलेली लय त्याला दोन-चार दिवसांत पाठ होते आणि मग तो तिच्याकडे लक्ष देईनासा होतो. आधी साठवून ठेवलेल्या लयीचंही तेच. म्हणून लय जिवंत लागते, त्याच वेळी झोपत असलेल्या माणसाची. आणि प्रत्येकाच्या चातीचा आकार वेगळा असतो. सख्ख्या नात्यात तेवढा तो बराच जुळतो.

"म्हणजे एक पट्टा मी बांधून झोपायचं, आणि त्यावर अमरावतीत हिने झोपायचं. रोज."

"रोज."

"एवढंच ना," अनघा म्हणाली. "झोपायला काय लागतं?"

मृणाल खिडकीशी उभी होती. हे वाक्य तिने ऐकलं आणि ते आपल्याला लागलं का, हे तपासून बघितलं. लागलं नव्हतं.

त्याच दुपारी दोन पलंगांच्या मधे पडदा ओढून पहिली चाचणी झाली. अनघाने बूट काढले, डबा उशाशी ठेवला, आणि थोड्याच वेळात पलीकडून तिचं बारीक घोरणं सुरू झालं. मृणालची छाती नेहमीप्रमाणे धडधडायला लागली. ती ढकललं जायची वाट बघत पडून राहिली.

जाग आली तेव्हा तिचं तोंड कोरडं पडलं होतं आणि गालावर उशीची घडी उमटली होती. अमेय पायाशी बसून रुमालाने डोळे पुसत होता. पडदा सरकवलेला होता, पलीकडचा पलंग रिकामा होता.

"ताई गेल्या. संध्याकाळचे पेशंट होते त्यांना," तो म्हणाला. "कसं वाटतंय?"

तीन वर्षांनी आपण झोपलो, आनंद व्हायला हवा, असं मृणालच्या मनात आलं. अमेय तोंडाकडे बघत होता, काहीतरी बोलणं भाग होतं. "भूक लागलीये," ती म्हणाली.

पुढचे महिने ती बहिणीच्या झोपेवर झोपली. पट्ट्याच्या कडेला एक लहानसा दिवा होता. अनघा जागी असेपर्यंत तो पिवळा असे. ती झोपली की हिरवा होई. तो हिरवा झाल्याशिवाय मृणालला झोप नव्हती. त्या दिव्यावरून तिला बहिणीचं सगळं कळायला लागलं. कधी पाहुणे आहेत, कधी जेवण जड झालंय, कधी ताप आहे, कधी भाऊजींशी भांडण झालंय आणि पाठ फिरवून झोपली आहे. बोलणं मात्र नव्हतं. मोबाइलवर निरोप असत, तेही दोन-तीन शब्दांचे. "आज लग्न. उशीर." "ठीक." "सर्दी झाली आहे. झोप मधे मोडेल." "चालेल."

दिवाळीनंतर मृणाल कामावर रुजू झाली. तिच्या रेघा पूर्वीसारख्या सरळ आल्या. सहकाऱ्यांनी चेहरा उजळल्याचं सांगितलं. आईच्या श्राद्धाचा विषय शेजारणीने काढला तेव्हा मृणालने गुरुजींचा नंबर दिला आणि कुकरच्या शिट्ट्या मोजत राहिली.

एकदा जेवताना अमेयने विचारलं, "तू बरी झालीस ना?"

"झाले की."

"मग घरात कोणीतरी पाहुणी राहायला आल्यासारखं का वाटतं मला?"

मृणालने विचार केला. त्याला बरं वाटेल असं उत्तर द्यायची तिची इच्छा होती. "डॉक्टर म्हणतात, आधी झोप येईल. बाकीचं हळूहळू येईल."

"येतंय का?"

"लक्ष ठेवून आहे," ती म्हणाली, आणि त्याला पोळी वाढली.

संक्रांत झाली आणि दिवा बिघडला असं तिला वाटलं. तो पिवळाच राहायला लागला. मग हिरवा व्हायचा, पुन्हा पिवळा, पुन्हा हिरवा, आणि प्रत्येक वेळी यवतमाळला अनघा जागी झाली की इकडे मृणालचे डोळे उघडायचे. तिने निरोप पाठवला, "दिवा पिवळा दिसतोय." उत्तर आलं, "हो. झोपतेच आहे." दुसऱ्या दिवशी तिने लिहिलं, "आज तरी वेळेवर झोप." दूधवाल्याला उद्या जास्त टाक म्हणून सांगावं, तितक्याच सहज तिने ते लिहिलं होतं. त्याला उत्तर आलं नाही. दिवा बिघडला नव्हता, अनघाच झोपत नव्हती.

मार्च लागला तसं डॉ. नाझनीननी मृणालला बोलावून घेतलं. त्यांच्यासमोर दोन आलेख होते. एक मृणालचा, पहिल्या भेटीतला. दुसराही तसाच होता.

"हा तुमच्या बहिणीचा आहे," त्या म्हणाल्या. "मागच्या आठवड्यातला."

"माझ्याकडून तिकडे काही गेलं का?"

"नाही. ठोके एकाच दिशेने जातात, मी पुन्हा पुन्हा तपासलं. पट्ट्यातून काही गेलेलं नाही." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी त्यांच्याशी बोलले. त्या म्हणाल्या, पाठ टेकली की मनात येतं, मी झोपले नाही तर मृणाल तिकडे टक्क पडून राहील. एवढं मनात आलं की संपलं. नागपूर, नाशिक, जिथे जिथे हे पट्टे दिलेत तिथून हीच तक्रार येते आहे. लय देणारी माणसं बिघडताहेत. कुठेही झोपणारी माणसं. आम्ही त्यांची झोप मोजली होती. आपल्यावर कुणाची तरी झोप आहे, हे कळल्यावर त्यांचं काय होईल ते मोजलंच नाही."

"बंद केलं तर तिची झोप परत येईल?"

"सांगता येत नाही. तुमची मात्र जाईल. एक गोष्ट करून बघता येईल. पट्टे उलट बांधायचे, तुमच्या लयीवर त्यांना झोपवायचं. त्यांना जुळेल अशी लय तुमचीच आहे." त्या जरा थांबल्या. "त्यासाठी तुम्हाला आधी झोपावं लागेल. कशाच्याही आधाराशिवाय."

"कधी करायचं?" मृणालने विचारलं. तिच्या आवाजात काहीच नव्हतं.

ती एप्रिलच्या एका शनिवारी यवतमाळला गेली, एकटी. दुपारबंदी सुरू झाली होती, बाराच्या आत पोचायला हवं होतं. अनघाचं घर दवाखान्याच्या मागेच होतं. भाऊजी कामासाठी पुसदला गेलेले. दार अनघानेच उघडलं. तिच्या डोळ्यांखालची कातडी सैल पडली होती आणि बघण्याला अर्धा क्षण उशीर होत होता. हा चेहरा मृणालने आरशात पुष्कळ बघितला होता.

"ये," अनघा म्हणाली. "उन्हात काहून आली? सकाळची गाडी घ्यायची."

भोंगा झाला, बाहेरचे आवाज थांबले. वाळ्याचे पडदे लावलेला कूलर सुरू करून दोघी जेवायला बसल्या. अनघाने वरणभात कालवला आणि तसाच ठेवला.

"काल मी एका पेशंटचा भलताच दात काढणार होते," ती म्हणाली. "शेजारचा, चांगला दात. चिमटा लावला होता. तोंड बधीर केलेलं, त्यांना बोलता येईना. त्यांनी माझा हातच धरला."

मृणालने तिच्या पेल्यात पाणी ओतलं.

"आई पाच वर्षं होती ना तुझ्याकडे?"

"हो."

"पाच वर्षं तू अशीच झोपत होती?"

"अशी म्हणजे?"

"अशी. एक कान उघडा ठेवून."

"बहुतेक," मृणाल म्हणाली. "आई उठून चालायला लागायची ना. बांगड्या वाजल्या की मी उठायची."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नव्हतंस."

यात टोमणा नव्हता, आणि अनघाला ते कळलं. ती भाताकडे बघत बोलत राहिली. "मी महिन्यातून एखाद्या रविवारी यायची. जेवायची आणि आईशेजारी पसरायची. वाटायचं, मृणालचं घर किती शांत आहे. झोप म्हणजे मृणालच्या घरी."

कूलरमधलं पाणी संपत आलं होतं, त्याचा आवाज बदलला. अनघा उठली, बादलीने पाणी ओतून आली आणि पुन्हा बसली. मृणालने ती बसेपर्यंत वाट बघितली.

"त्या दुपारी मी खरंच झोपले होते, ताई," ती म्हणाली. "आईचा डोळा लागलेला बघितला, आणि मग दोन्ही कान मिटून झोपले. इतकी छान झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती."

हे तिने अमेयला सांगितलं नव्हतं, डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. अनघाने एक घास तोंडात घातला, बराच वेळ चावला, गिळला.

"लागणारच," ती म्हणाली.

ताटं तशीच राहिली. मृणालने बोटं ताटातच धुतली. "मला आता कशाचंच काही वाटत नाही," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, येईल हळूहळू."

"दात बधीर करायच्या इंजेक्शनचं असंच असतं. उतरायला लागलं की आधी ओठ जड लागतो, मग ठणका सुरू होतो. लोक घाबरून फोन करतात मला." अनघाने ताटं उचलली. "चल. तुझे पट्टे काढ."

आतल्या खोलीत शेजारी शेजारी दोन गाद्या घातल्या होत्या. लय देणारा पट्टा आता मृणालच्या कपाळावर होता, घेणारा अनघाच्या. दोघी आढ्याकडे बघत पडल्या. मृणालने डोळे मिटले. धडधड आली, ढकललं जाणं आलं, ती उठून बसली. पुन्हा पडली, पुन्हा उठून बसली. तिसऱ्या वेळी ती उठायच्या आधी अनघाच उठली. पट्टा काढून तिने खिडकीत ठेवला, भिंतीशी असलेली खुर्ची ओढून गादीजवळ घेतली आणि बसली.

"काय झालं?" मृणालने विचारलं.

"मला काही झोप येत नाही. मी बसते. तू पड."

"तू झोपणार नसशील तर मी झोपून उपयोग काय?"

"उपयोग राहू दे." अनघाने मृणालच्याही कपाळावरचा पट्टा सोडला. कपाळावर उठलेला वळ अंगठ्याने चोळला. "मी जागीच आहे. इथेच बसून राहिली. पाच वाजेतोवर कुठे जात नाही."

मृणाल कुशीवर वळली. धडधड सुरूच होती. तिने डोळे उघडून बघितलं, अनघा खुर्चीत होती. थोड्या वेळाने पुन्हा बघितलं. अनघाने पाय वर घेतले होते आणि ती ओढणीच्या टोकाने मान पुसत होती. आणखी एकदा बघितलं तेव्हा अनघाही तिच्याकडेच बघत होती. "आहे," ती म्हणाली. मृणालने डोळे मिटले. पुन्हा उघडून बघायचं तिच्या मनात होतं.

पाचचा भोंगा तिला ऐकू आलाच नाही. जाग आली तेव्हा पडद्याच्या फटीतून आलेलं ऊन भिंतीवर चढलं होतं आणि रस्त्यावरून गाड्यांचे आवाज येत होते. अनघा त्याच खुर्चीत होती. दवाखान्याची घंटा वाजली, कोणी तरी पेशंट असावा. ती उठली नाही.

"किती वाजले?" मृणालने विचारलं.

"वाजले बरेच."

"दवाखाना?"

"येतील उद्या. कोणी दातदुखीने मरत नाही." अनघाने आळस दिला. "तुझ्या कॉलेजला सुट्टी लागली की मे महिना इथे येऊन राहा. एक दुपार मी बसेन, एक दुपार तू बस. मला लागते का बघू. ते पट्टे देऊन टाक परत."

"आणि नाही लागली तर?"

"तर दोघी बसू." ती गादीच्या कडेला येऊन टेकली. "तू झोपेत दात खातेस. माहीत आहे तुला?"

"नाही."

"कराकरा. इथवर आवाज येत होता. तोंड उघड बघू."

"आत्ता?"

"उघड."

मृणालने तोंड उघडलं. अनघाने मोबाइलचा दिवा लावला, डाव्या हाताने तिची हनुवटी धरली आणि मान वाकवून आत बघायला लागली. मागच्या दाढांवरून तिने करंगळी फिरवली. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे.

"सपाट झाल्या आहेत," ती हळू आवाजात म्हणाली. "पार सपाट. किती वर्षं चाललंय हे?"

मृणालला उत्तर देता येत नव्हतं, बहिणीचं बोट तिच्या तोंडात होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते कशाचं, हे तिला कळलं नाही. कानाच्या पाळीवरून ते उशीवर उतरत होतं आणि थांबत नव्हतं. अनघाने दिवा विझवला, पण हनुवटीखालचा हात काढला नाही.

"हलू नकोस," ती म्हणाली. "तोंड मिटलंस तर माझं बोट चावशील."